माशीची झोप

एमएस्सीत फळमाश्या पाळून काय मिळवलंस, असं तुम्ही नेहमी विचारता, म्हणून सांगते. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात आमचा बीटी कापूस बोंडअळीनं खाल्ला आणि मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, झोप उडाली. सासूबाईंनी फवारणीच्या औषधाला कुलूप लावलं आणि स्वतःही त्यांच्यासोबत जागू लागल्या.

एका दुपारी आम्ही तिघं चहा घेताना त्या मला म्हणाल्या, "तू माश्यायच्या झोपेवर शिकली ना? मंग सांग, याहिले झोप काऊन येत नाही?"

मी सांगितलं, "माशीच्या अंगात घड्याळ असतं. कायनेज नावाचं विकर एका प्रथिनावर खुणा करतं, मग ते प्रथिन मोडतं अन् घड्याळ पुढं सरकतं. कायनेज बिघडलं की माशी भलत्याच वेळी जागी."

"मंग तिचं काय करता?" मामाजींनी विचारलं. कित्येक दिवसांत ते पहिल्यांदाच बोलले होते.

"काचेच्या नळीत ठेवतो अन् पाहत राहतो, कधी हलते, कधी निजते."

मामाजींनी दारात बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. "म्हणजे तुह्या सासूनं मले नळीतच ठेवलं."

मग हळूच त्यांना म्हणाले, "अवं, लवंड जराशी. मी कुठी जात नाही."