उसवलेली शिवण

मणक्याच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर मुलीसोबत बसला होता. ऑपरेशनचा फॉर्म मांडीवर होता, पण सही करायला हात धजत नव्हता. शेजारी कमरेला पट्टा बांधलेली शिवणकामवाली बाई धाकट्या जावेशी बोलत होती.

“जाऊबाई, तीन डॉक्टर गाठलेत तुम्ही. मग हेच का निवडले?”

“तिघांनाही एकच विचारलं. डॉक्टर, तुम्हाला कधी उसवून पुन्हा शिवावं लागलंय का?”

“अगं बाई! असं विचारतात होय?”

“पाठ माझी आहे ना? पहिला म्हणाला, माझ्या हातून असं होतच नाही. दुसऱ्यानं घड्याळ बघितलं.”

“आणि हे?”

“ह्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, चार ऑपरेशनं पुन्हा उघडावी लागली. कुठे काय चुकलं तेही सांगितलं.”

“आणि तरी तुमचा विश्वास बसला?”

“म्हणूनच बसला. चाळीस वर्षं मशीन चालवतेय मी. कधीच उसवलं नाही म्हणणारा शिंपी कापडाला हातच लावत नसेल.”

“तुम्ही कितीदा उसवलंत?”

“मोजलं नाही. पण गिऱ्हाइकाच्या अंगावर माझी शिवण कधी सुटली नाही. जे उसवलं, ते माझ्या मांडीवर.”

दार उघडलं. नर्सने ड्रायव्हरला हाक मारली.

“बाबा, सही?”

“करतो गं. आधी डॉक्टरांना विचारू दे, अर्ध्या घाटातून कधी गाडी मागे घेतलीत का. मी घेतलीय, दोनदा. म्हणून तर दोन्ही वेळा घरी आलो.”