इलारिओचा मुरूम

मिश्किकला जाणाऱ्या बसच्या रांगेत नीव्हेस झेंडूचा भारा सावरत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारी होती आणि बुटांवर काँक्रीटचे शिंतोडे उडालेला त्या म्हातारीचा दीर.

"भावजी, यंदा एवढा पाऊस झाला, तरी आपल्या गावचा रस्ता खचला नाही."

"खचेल कसा, वहिनी? चिखल संपून टणक थर लागेपर्यंत काँक्रीटचे खांब ठोकलेत आम्ही. त्यांच्यावर जाळी, जाळीवर भराव. गाड्यांचं ओझं आता खांब पेलतात, चिखल नाही."

"आमचे हे, तुमचे इलारिओदादा, जन्मभर त्यावर मुरूम ओतत राहिले. रस्ता बसला, की आणलाच ट्रक."

"ओतला, म्हणून तर आणखी बसायचा."

"म्हणजे?"

"तळं बुजवून झालेली जमीन ती. वर वजन वाढवाल, तशी खाली जाते. दादानं टाकलेला सगळा मुरूम तिनं..."

"बोला की, थांबलात का?"

"गिळला, वहिनी."

रांग पुढे सरकली. म्हातारी हलली नाही. मागून कुणीतरी ओरडलं, तेव्हा नीव्हेसनंच त्याला दटावलं.

"म्हणजे मरेपर्यंत हे तो रस्ता खालीच ढकलत होते."

"तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मलाही या कामावर आल्यावर कळलं."

"उद्या मृतांचा सण, गेलेली माणसं घरी यायची रात्र. पाकळ्यांची वाट त्याच रस्त्यावरून घालायची. हे घरी आले, की पहिलं रस्त्याचंच विचारतील."

"मी समजावून सांगू?"

"तुम्ही गुपचूप जेवा. मी सांगेन, तुमच्याच मुरमावर उभा आहे म्हणून. आणि खबरदार, माझ्या घरात खांबांचं नाव काढलंत तर!"