सिंहाचं तोंड धरणारी बाई

साडेतीन वर्षांची झाली तरी आमची अनू घराबाहेर चकार शब्द बोलत नव्हती. त्या काळजीनं माझी झोप उडाली होती. म्हणून तर, चांगली इंजिनिअर असूनही, खराडीच्या आमच्या ऑफिसातल्या फॅमिली डेला मी तिला घेऊन पत्ते काढून भविष्य सांगणाऱ्या टॅरोवालीसमोर बसले.

कार्ड निघालं. एक बाई सिंहाचं तोंड धरून उभी.

"हे सिंह राशीचं कार्ड. सिंह म्हणजे मूल, बाई म्हणजे तुम्ही," टॅरोवाली म्हणाली. "तिचं तोंड तुम्हीच दाबून ठेवलंय. नोकरी सोडा."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तिचे बाबाही इथेच नोकरी करतात. त्यांना सांगा की!"

"बघा, किती हा राग!"

मी ताडकन उठले. तेवढ्यात अनूनं कार्डावर बोट ठेवलं आणि टॅरोवालीला म्हणाली, "मावशी, ती त्याची आई आहे. दात घासून देतीये."