खिंडीतला दगड

कवडू : या डब्यात अकरा दगड. सात काळे, तीन भुरे, एक लालसर. यातला शिखरावरचा कोणता रे, रत्नदीप?

रत्नदीप : डबा ठेवा बाबा. जेवून घेऊ.

कवडू : जेवू मंग. विहारातल्या वाचनालयात काचेचं कपाट आलं. भैयाजी पेंटरनं पाटीबी रंगवली, हे पाहाय, 'अंटार्क्टिकातल्या शिखराचा दगड'. उद्या सकाळी पोट्टे येऊन राह्यले पाहाले.

रत्नदीप : मले न विचारता पाटी काऊन केली?

कवडू : तूच तं फोनवर म्हणला, वर गेलतो. पोट्टे विचारतीन, तिकडचा डोंगर कसा असते?

रत्नदीप : बर्फात गाडलेला. समुद्रापासून दोन हजार तीनशे अठरा मीटर, पण बर्फावर दिसते फक्त सहाशे चाळीस.

कवडू : बाकीचा दडवूनच बसला म्हण!

रत्नदीप : पूर्वेले सरळ कडा. पश्चिमेले खिंड. खिंडीतून वर एक धार जाते, दोन हातबी रुंद नाई.

कवडू : अन् तू तिच्यावरून गेला!

रत्नदीप : नाई गेलो.

कवडू : काय?

रत्नदीप : खिंडीतच बसलो. पायच उचलेनात. आमच्या मोजणीच्या तुकडीतले माधवी मॅडम अन् नीलेश वर गेले. मी बूट फाटला म्हणून सांगितलं. फाटला नव्हता.

कवडू : अन् तू धाडलेला तो उंची मोजायच्या यंत्राजवळचा फोटो?

रत्नदीप : खिंडीतला.

कवडू : अख्ख्या अल्लीपूरले दाखवला मी तो.

रत्नदीप : मालूम आहे.

कवडू : तीस वर्षं जमीन मोजणीची साखळी ओढली मी. काट्यात शिरलो, नाल्यात उतरलो. साहेब म्हणे, अंदाजानं सांग ना कवडू. साखळी पोचली नाई तिथला आकडा नाई सांगितला कधी. भेला, त्याचं काही नाई. मीबी विहिरीत उतराले भेतो. पण खोटं काऊन बोलला?

रत्नदीप : तुमच्या मागून लोकायचा आवाज येत होता. तुम्ही सगळ्यायले फोन ऐकवून राह्यले होते.

कवडू : म्हणजे माह्यामुळं?

रत्नदीप : नाई बाबा. माह्यामुळंच. उद्या नका ठेवू दगड.

(कवडू पाटी उलटी करून मांडीवर घेतो.)

कवडू : उद्या पोट्टे पंचशील म्हणतीन. चौथ्या शीलाले, खोटं न बोलण्याच्या, तू कुठं पाह्यशील? दगड ठेवू. पाटी बदलू. खिंडीत यंत्र तू स्वतः लावलं होतं?

रत्नदीप : हो. चाळीस मिनिटं.

कवडू : मंग तिथला आकडा सांग.

रत्नदीप : दोन हजार एकशे एकतीस मीटर.