टी आणि व्हीच्या मधली माणसं

शेवटी श्री. व्हान डेर टोल यांना 'व्ही'मध्येच ठेवण्यात आलं. पण ते अजून झालेलंच नाही, असं धरून चालू. नेदरलँड्समधल्या लायडनच्या छापखान्यात, रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि त्यांची मुलगी उभ्या होत्या. मुलीचा प्रबंध छपाईला निघाला होता.

"हिल्के, संदर्भसूचीत तुझे बाबा सापडत नाहीत."

"आहेत गं आई. व्हीमध्ये बघ."

"व्हान डेर टोल म्हणजे टी! 'व्हान डेर' कुणी धरतं का? फोनच्या यादीत टी, दवाखान्यात टी. मार्चमध्ये दफनभूमीच्या वहीतसुद्धा त्यांना टीमध्येच लिहिलं."

"ही सूची संगणक बनवतो. त्याला 'व्हान' हेच आडनाव वाटतं."

"मग हलव त्यांना."

"तीनदा हलवलं. सूची नव्याने बनली की ते परत तिकडेच जातात."

"जिवंतपणी तरी कुठे ऐकायचे! आणि मी?"

"माहेरच्या नावाने, टेर्प्स्ट्रा. टीमध्ये, सगळ्यात खाली. तुझा बंधाऱ्यांवरचा लेख आहे ना."

"म्हणजे ते लगेच माझ्याखाली आले असते."

"हो."

"आता मधे कोण आहे?"

"नऊ जण. एक अहवाल धरून."

"ओळखीचं कुणी?"

"नाही. आई, आपला नंबर आला. देऊ का छापायला?"

"दे. पण आधी एक अर्ज लिहून घे. 'माननीय संगणक विभाग, एकेचाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसांना वर्णानुक्रमातून सूट मिळावी, ही नम्र विनंती. मधल्या नऊ जणांची पर्यायी सोय आपल्या स्तरावर करावी.'"