दोन पासपोर्टवाला नवरदेव

...आणि वर म्हणतात, तुझ्याकडे दोन आहेत ना! आहेत, मान्य. वडील लेसोथोचे, आई नदीपलीकडची, दक्षिण आफ्रिकेची, म्हणून दोन्ही देशांचे पासपोर्ट माझ्या खिशात. मासेरूच्या पुलावर इकडे हा दाखवायचा, तिकडे तो. किती दिवस राहणार, कुठे उतरणार, कोणी विचारत नाही. तुम्हाला सांगतो, हे सुख अंगाशी आलं ते माझ्याच लग्नाच्या बोलणीत.

आमच्यात मुलगी मागायला नवरदेव जात नाही. त्यानं तोंड बंद ठेवून घरी बसायचं, काका लोक जाऊन मुलीसाठी द्यायची गुरं ठरवतात. नवरदेव स्वतः गेला तर मुलीकडचे म्हणणार, याच्या घरात कोणी माणूस नाही का? आणि माझ्या दिनेओचे वडील, पुलापलीकडच्या लेडीब्रँडचे मोखेथी, असे कडक की तिथंच बोलणी मोडतील. चार वर्षं वाट बघितलीय हो मी तिची...

तर शनिवारी थोरले काका नवं कांबळं पांघरून पुलावर हजर, आणि कळतं की पासपोर्ट ईस्टरलाच संपलाय. धाकटे काका मागे तिकडे जास्त दिवस राहिले होते, त्यांना वर्षभर बंदी. मी नुसता पोचवायला आलेला. दोघं वळून माझ्याकडेच बघतात.

'तू जा. तुझ्याकडे दोन आहेत ना.'

'काका, नवरदेव मी आहे.'

'मग तू बोलू नकोस. आमचं बोलणं ने.'

'फोन करूया का?'

'मुलगी मागायची ती फोनवर?'

गेलो. मोखेथींच्या फाटकाबाहेर तासभर उभा, ती रीतच आहे. मग आत घेतलं, आणि हा माणूस मला चार वर्षं ओळखतो, तरी अनोळखी चेहऱ्यानं विचारतो, 'मुलगा कसा आहे?'

काय सांगणार? 'काका म्हणतात, चांगला आहे.'

'पितो?'

'काका म्हणतात... सणासुदीला.'

आत दिनेओ तोंडावर फडकं दाबून हसतेय, इकडे मला घाम फुटलाय. त्यांनी गुरं सांगितली वीस. परत पूल. काका म्हणाले पंधरा. परत लेडीब्रँड. 'मुलगी शिकलेली आहे, सांगा त्यांना.' परत पूल. शिक्का दोन मिनिटांत मिळतो हो, पण रांग? महिनाअखेर, अर्धा देश पुलावर! मी म्हणतो आता पुरे, तर दोन्हीकडून एकच, 'तू जा, तुझ्याकडे दोन आहेत ना.' स्वतःच्याच लग्नाची घासाघीस करायची आणि चेहरा पोस्टमनचा ठेवायचा, तुम्हाला जमेल?

तिसऱ्या खेपेला मोखेथी हळूच म्हणाले, 'काकांना सांगा, माझा जीव आहे या पोरीत. पुढचा शब्द विचार करून आणा.' पुलावर यावं तर काका पंधराचे तेरा करून बसलेले. मी तसाच मागं फिरलो.

'काका म्हणतात, वीस.'

मोखेथी म्हणाले, 'काकांना सांगा, मुलगा पसंत आहे. आधी कळवा, मग जेवायला बसा.'

धावलो. काका आधी भडकले, मग डोळे पुसले, मग म्हणाले, 'घरी मेंढा शिजलाय, आम्ही निघतो. तू तिकडे निरोप दे, तिथंच जेव. तुझ्याकडे दोन आहेत ना.' तिकडे पोचलो तर भांडी घासून झालेली. त्यांना वाटलं, मी काकांबरोबर जेवलो.

परत रांगेत उभा होतो, दिनेओचा फोन. 'पोटभर जेवलास ना रे?'

म्हटलं, हो. दोन्हीकडे.