डॉक्टरशिवाय शर्यत नाही

हॅलो?… हॅलो! डॉक्टरच ना?… मी आर्मीदा. अरे, लोरेदानाची आई!… हो, आहे अजून जिवंत. ठेवू नकोस, ठेवू नकोस फोन!

…सासूबाई म्हणू नकोस मला. ते नातं तू नऊ वर्षांपूर्वीच मोडलंस, लोरेदानाला न सांगता निघून गेलास तेव्हा… भांडायला नाही केला फोन. ऐक ना… अरे, ऐक तर!

आज शर्यत आहे… आमचीच, दुसरी कुठली? माझ्या गेलेल्या नवऱ्याच्या, ओरेस्तेच्या नावाची. चौऱ्याऐंशी पोरं सायकलीवरून एक पाय टेकवून चौकात उभी आहेत, आणि आमचे म्हातारे डॉक्टर सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले ते वाकलेलेच राहिले!… हसतोस काय?… अँब्युलन्स आहे रे. पण डॉक्टर नाही तर शर्यत नाही, असं पंच म्हणतो. बगळ्यासारखा उभा आहे मेला, घड्याळ घेऊन. सव्वानऊला सगळ्यांना घरी पाठवणार. आत्ता पावणेनऊ.

…विचारलं, तिघांना विचारलं. एक समुद्रावर, एक भाचीच्या लग्नात, तिसऱ्याची बायको म्हणते झोपलेत. तू चौथा… हो, शेवटचाच! उगाच गोड कशाला बोलू? गरजवंताला अक्कल नसते, म्हणून तुला फोन.

पाओला, तो मक्याचा पोलेंटा ढवळ गं, खाली लागतोय!… तुला नाही रे.

…लोरेदाना? आहे ना. वरच्या वळणावर लाल झेंडा घेऊन… नाही, तिला ठाऊक नाही… नको बोलूस तिच्याशी. गाडीत बस, पोरांच्या मागे राहा, संपलं… हो, तेच वळण. सतरा वर्षांचा होतास, तिथंच सोलपटून निघालास. तुझ्या गुडघ्यातले खडे चिमट्यानं मीच उपसले. तेव्हा कुठला डॉक्टर आणि कुठलं काय!

मग? येतोस ना?… काय?… हो, म्हणाले होते मी. गावात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन म्हणाले होते. बरं, घेते मागे. घेतलं. झालं?…

चौकात?… सगळ्यांसमोर?… चौकात बोलले होते म्हणून चौकातच? अरे, लाज नाही वाटत तुला, म्हातारीला असं…

…

बरं. थांब. अहो पंच, तो भोंगा द्या इकडे. द्या म्हणते ना!… ऐका रे सगळे! डॉक्टर मिळालेत. टिझियानो बोर्तोलिन. हो, तोच! मी बोलावलंय त्याला. वाईट बोलले होते ते माझं मी परत घेतलंय. आता कुणी तोंड वाकडं केलं तर गाठ माझ्याशी आहे!

…ऐकलंस?… हॅलो?… अरे, हॅलो!

ठेवला… अहो पंच, बघता काय? नाव लिहा. येतो तो… नाही, येतो असं म्हणाला नाही. निघताना सांगायची सवयच नाही मेल्याला.